जमणार नाही, पण का? अव्यवहार्य गोष्टींसाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

मराठीत ‘हे काही जमायचं नाही’ एवढं म्हटलं की भागतं. खर्च परवडणार नाही, वेळ पुरणार नाही, कल्पनाच खुळी आहे, की सुचवणारा माणूसच हवेत आहे, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून आणि वर गेलेल्या भुवईवरून समोरच्याला कळतं. लेखी इंग्रजीत भुवई दिसत नाही. तिथे सगळा भार शब्दावर येतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताशी तेव्हा दोनच शब्द असतात : ‘इम्पॉसिबल’ आणि ‘नॉट पॉसिबल’. दोन्ही भिंतीसारखे. बोलणंच खुंटतं.

शब्दांचा तुटवडा नाही. समानार्थी शब्दांचा कोश उघडला की पंचवीस-तीस सहज मिळतात. खरी अडचण त्यांच्या नावातच आहे : ते समानार्थी नाहीत. यादीतून कानाला बरा वाटला तो शब्द उचलला की ‘अनटेनेबल’ बूट आणि ‘फार-फेच्ड’ वेळापत्रक असले प्रकार घडतात. म्हणून आधी कारण, मग शब्द, हाच क्रम ठेवायचा.

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. एका संस्थेकडे पन्नास वर्षांच्या हाताने लिहिलेल्या फायली आहेत. बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘दोन माणसं बसवू आणि महिन्याभरात सगळं संगणकावर आणू.’ तुम्हाला यावर इंग्रजीत मत लिहायचंय.

पहिली पायरी : घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा

स्वतःला मराठीतच विचारा : हे करताच येणार नाही, की करता येईल पण करण्यात अर्थ नाही? उत्तर एका ओळीत लिहून काढा. निम्मा गोंधळ इथेच मिटतो, कारण इंग्रजीत या दोन उत्तरांसाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते दिसायला जुळ्या भावांसारखे आहेत.

‘इम्प्रॅक्टिकेबल’ म्हणजे प्रत्यक्षात अमलात आणताच न येण्यासारखं. ‘इम्प्रॅक्टिकल’ म्हणजे करता येईल, पण सोयीचं नाही, शहाणपणाचं नाही. लहान मुलांच्या घरात पांढराशुभ्र सोफा ‘इम्प्रॅक्टिकल’ असतो. तो विकत घेता येतो, घरात ठेवताही येतो, फक्त आठवड्याभरात पश्चात्ताप होतो. दोन माणसांनी पन्नास वर्षांच्या फायली तीस दिवसांत हाताने टंकित करणं मात्र ‘इम्प्रॅक्टिकेबल’. माणसाबद्दल बोलताना फक्त ‘इम्प्रॅक्टिकल’ चालतो : ज्याला व्यवहार कळत नाही, असा. रोजच्या लिखाणात ‘इम्प्रॅक्टिकेबल’ आता कमीच दिसतो, आणि तो जडही वाटतो. त्याऐवजी ‘अनवर्केबल’ किंवा ‘नॉट फीजिबल’ लिहिलं तर कुणाचं काही अडत नाही. पण जिथे तो दिसेल तिथे ‘इम्प्रॅक्टिकल’ची छपाईतली चूक समजू नका.

‘फीजिबल’च्या मुळाशी ‘करणे’ या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे. उपलब्ध माणसं, पैसा, वेळ आणि साधनं यांत ही गोष्ट करता येते का, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणूनच प्रकल्प सुरू होण्याआधी ‘फीजिबिलिटी स्टडी’ होतो. याचं नकारार्थी रूप ‘अनफीजिबल’ की ‘इनफीजिबल’? दोन्ही बरोबर. गणितात आणि संगणकशास्त्रात ‘इनफीजिबल’ रुळलाय : घातलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारं उत्तरच नसेल तर तो प्रश्न ‘इनफीजिबल’. इतर ठिकाणी सरळ ‘नॉट फीजिबल’ लिहावं. एक खबरदारी : ‘संभाव्य’ या अर्थाने ‘फीजिबल’ वापरू नका. ‘पाऊस पडणं फीजिबल आहे’ ही रचना जाणकारांना खटकते, कारण पाऊस कुणी ‘करत’ नाही.

‘व्हायेबल’चा प्रश्न वेगळा. ‘जीवन’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला, आणि सुरुवातीला तो नवजात बाळाबद्दल, जगू शकेल का या अर्थाने, वापरला जाई. आजही तोच गाभा आहे : ही गोष्ट सुरू झाल्यावर स्वतःच्या बळावर तग धरेल का? एखादी कंपनी काढणं पूर्णपणे ‘फीजिबल’ असू शकतं आणि तरी ती ‘व्हायेबल’ नसते. आपल्या उदाहरणात, फायली संगणकावर चढवणं जमलं, पण पुढची दहा वर्षं त्या सांभाळायला ना माणूस ना पैसा, तर योजना ‘फीजिबल बट नॉट व्हायेबल’. ही जोडी नीट वापरता आली की अहवालातला एक परिच्छेद वाचतो.

राहता राहिला ‘अनटेनेबल’. याच्या मुळाशी ‘धरून ठेवणे’ आहे. शत्रूपुढे जो किल्ला राखता येत नाही तो ‘अनटेनेबल’. आज तो भूमिकेबद्दल, युक्तिवादाबद्दल किंवा परिस्थितीबद्दल वापरतात. एखाद्या मंत्र्याचं ‘पोझिशन हॅज बिकम अनटेनेबल’ असं वृत्तपत्रात आलं की त्याचा राजीनामा जवळ आला असं समजावं. यंत्र, वस्तू, वेळापत्रक यांना हा शब्द कधीच लावू नये.

आणि ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ हे सांगायचं असेल तर ‘प्रोहिबिटिव्ह’. ‘द कॉस्ट वुड बी प्रोहिबिटिव्ह’ म्हणजे खर्चच असा की तोच वाट अडवतो. इथे कुणी मनाई केलेली नसते. मनाई करणारा तो पैसा.

दुसरी पायरी : किती टक्के?

गोष्ट करता येण्यासारखी आहे, पण यश मिळेल याची खात्री नाही. मग प्रश्न शक्यतेचा. ‘अनलाइकली’ हा इथला बिनधोक शब्द. घटना, माणूस, योजना, कशालाही चालतो. ‘इम्प्रॉबेबल’ थोडा औपचारिक. ‘इम्प्लॉजिबल’ मात्र घटनेपेक्षा सांगण्याला चिकटतो : दावा, सबब, खुलासा पटण्याजोगा नसला की तो ‘इम्प्लॉजिबल’. त्याचाच जास्त बोलका भाऊ ‘फार-फेच्ड’, म्हणजे ओढूनताणून आणलेलं. ‘फायली उंदरांनी खाल्ल्या, पण नेमक्या हिशेबाच्याच’ हा खुलासा ‘फार-फेच्ड’. महिन्याची मुदत ‘फार-फेच्ड’ नसते, ती ‘अनरिअलिस्टिक’. मुदत, उद्दिष्ट, अपेक्षा, अंदाज या चौघांशी ‘अनरिअलिस्टिक’चं छान जमतं.

आता आपल्याकडची एक हमखास चूक. ‘चान्सेस आर लेस’. मराठीतल्या ‘शक्यता कमी आहे’चं हे सरळ इंग्रजीकरण, आणि इंग्रजीभाषक असं म्हणत नाहीत. ‘चान्सेस आर स्लिम’ म्हणा, ‘देअर इज लिटल चान्स’ म्हणा, किंवा ‘द ऑड्स आर अगेन्स्ट अस’ म्हणा. फारच थोडी पण अगदीच शून्य नसलेली शक्यता म्हणजे ‘ॲन आउटसाइड चान्स’. इथे एक मजा आहे : ‘स्लिम चान्स’ म्हणजे कमी शक्यता, आणि ‘फॅट चान्स’ म्हणजेही काहीच शक्यता नाही! दुसरा उपरोधाने म्हणतात, बहुधा एकटाच, उद्गारासारखा : तो महिन्याभरात काम संपवणार म्हणतोय? ‘फॅट चान्स!’ वरिष्ठांना लिहिताना अर्थातच नको.

या कप्प्यातला सगळ्यात कामाचा शब्दप्रयोग ‘लाँग शॉट’. दुरून मारलेला नेम लागायची शक्यता कमी, आणि घोड्यांच्या शर्यतीत ज्याच्यावर फारसं कुणी पैसे लावत नाही तो घोडाही ‘लाँग शॉट’. पण या शब्दात निराशा नाही; लागला तर मोठा फायदा, ही आशा त्यात आहे. त्यामुळे काही मागताना तो उत्तम चालतो. ‘इट्स अ लाँग शॉट, बट…’ अशी सुरुवात केली की समोरच्याला कळतं : याला नकाराची तयारी आहे, मला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे. मात्र ‘नॉट बाय अ लाँग शॉट’ हा वेगळाच प्राणी. त्याचा अर्थ ‘मुळीच नाही’, ‘दूरदूरपर्यंत नाही’.

शेवटचा, देवावर हवाला ठेवून केलेला प्रयत्न असेल तर अमेरिकन इंग्रजीत ‘हेल मेरी’. ही ख्रिस्ती प्रार्थना. सामना हातातून जाताना डोळे मिटून चेंडू लांबवर फेकायचा, या अर्थाने ती अमेरिकन फुटबॉलमध्ये शिरली. १९७५च्या डिसेंबरात डॅलस काउबॉइज या संघाच्या रॉजर स्टॉबकने शेवटच्या क्षणांत अशी फेक करून सामना जिंकला आणि मग हा शब्द सर्वतोमुखी झाला. खेळाबाहेर तो फक्त अनौपचारिक बोलण्यात बरा दिसतो.

तिसरी पायरी : स्वप्न कुणाचं?

इथे इंग्रजी खरी रंगात येते. मनोरे रचणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे मनातले मांडे आहेत, शेखचिल्ली आहे, बाजारात तुरी आहेत. इंग्रजीतही तेवढाच ऐवज आहे, पण प्रत्येकात एक वेगळा पीळ आहे, आणि तो न ओळखता शब्द वापरला की माणूस उगाच दुखावतो.

‘पाइप ड्रीम’मधला पाइप अफूचा. धूर ओढून पडल्यापडल्या दिसणारी स्वप्नं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द रूढ झाला. १८९० सालच्या शिकागोतल्या एका वृत्तपत्रात तो हवाई प्रवासाच्या कल्पनेला लावलेला सापडतो, की ही गोष्ट बरीच वर्षं ‘पाइप ड्रीम’ मानली गेली आहे. १९०३ साली राइट बंधूंचं विमान उडालं. म्हणजे आज ज्याला आपण हा शब्द लावतो ते उद्या खरं होणारच नाही, असं शब्दात कुठेही लिहिलेलं नाही; तो आजच्या घडीचा निवाडा असतो.

‘पाय इन द स्काय’ (पी-आय-ई, म्हणजे आकाशातला गोड पदार्थ) वरवर तसाच वाटतो, पण त्याचा रोख स्वप्न दाखवणाऱ्यावर आहे. १९११ साली जो हिल या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अमेरिकन कामगार-गीतकाराने एका भक्तिगीताचं विडंबन केलं. त्यातला उपदेशक उपाशी कामगाराला सांगतो की आता सोस, मेल्यावर तुला स्वर्गात मेवा मिळेल. तेव्हापासून, दुसऱ्याने दाखवलेलं आणि कधीच हाती न लागणारं गाजर म्हणजे ‘पाय इन द स्काय’. हा फरक ध्यानात ठेवला तर निवड सोपी होते : स्वतःचं स्वतःला पडलेलं स्वप्न ‘पाइप ड्रीम’, पुढाऱ्याने किंवा साहेबाने दिलेलं आश्वासन ‘पाय इन द स्काय’. इंग्रजीभाषक स्वतः ही रेघ दरवेळी पाळतात असं नाही. तरी ती पाळलेलं लिखाण जास्त धारदार होतं.

‘कॅसल्स इन द एअर’ म्हणजे शब्दशः हवेतले इमले. यात दोष कमी आणि कौतुकमिश्रित हसू जास्त. जुन्या लिखाणात हे किल्ले स्पेनमध्येही असतात; तो फ्रेंचांचा वाक्प्रचार.

‘क्विक्सॉटिक’ची गंमत उच्चारापासून सुरू होते. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या नायकाचं नाव स्पॅनिशमध्ये ‘किहोते’ असं म्हणतात, पण विशेषण मात्र ‘क्विक्सॉटिक’च. कादंबरीचे दोन भाग १६०५ आणि १६१५ साली आले. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला रोखून धावणारा तो म्हातारा सरदार वेडा आहे, पण त्याचा हेतू खोटा नाही. म्हणून ‘क्विक्सॉटिक’ या शब्दात टीकेबरोबर आदरही मिसळलेला आहे : ध्येय उदात्त, व्यवहाराशी फारकत. ‘क्विक्सॉटिक क्वेस्ट’, ‘क्विक्सॉटिक कॅम्पेन’ या त्याच्या ठरलेल्या जोड्या. एखादी माणसं वर्षानुवर्षं एकट्याने लढा देतात, जिंकण्याची आशा नसताना. त्यांच्यासाठी हा शब्द. स्वस्तात काम उरकू पाहणाऱ्या साहेबाच्या योजनेसाठी तो वापरला तर साहेबाची फुकट स्तुती होते. याच प्रसंगावरून ‘टिल्टिंग ॲट विंडमिल्स’ हा प्रयोग आला. त्यातलं ‘टिल्ट’ म्हणजे कलणं नव्हे. घोड्यावरून भाला रोखून चाल करणं. अर्थ : नसलेल्या शत्रूशी लढत बसणं.

‘युटोपियन’ समाजव्यवस्थेपुरता. इंग्रज लेखक टॉमस मोरने १५१६ साली आपल्या पुस्तकातल्या काल्पनिक बेटाचं ‘युटोपिया’ हे नाव घडवलं ते ग्रीक शब्दांवरून, आणि त्याचा अर्थच ‘नसलेली जागा’. शिवाय ‘चांगली जागा’ असाही श्लेष कानाला ऐकू येतो. सगळ्यांना सगळं मिळेल अशी राज्यघटना ‘युटोपियन’. महिन्याभराचं टंकन नव्हे. ‘कायमेरिकल’ हा ग्रीक पुराणातल्या प्राण्यावरून आला, ज्याला सिंहाचं डोकं, बकऱ्याचं धड आणि सापाची शेपटी. कागदावर तुकडे जोडता येतात, जगात असा प्राणी नसतो. हा शब्द ओळखता यावा, वापरायची घाई नको. आजच्या कार्यालयीन पत्रात तो पगडी घालून आल्यासारखा दिसतो.

चौथी पायरी : योजनेला बोलताय की माणसाला?

आतापर्यंतचे बरेच शब्द योजनेबद्दल बोलतात. पुढचे शब्द योजना सुचवणाऱ्याच्या अकलेवर बोट ठेवतात, आणि ते मागे घेता येत नाहीत.

यांतला सगळ्यात सौम्य ‘हाफ-बेक्ड’. पदार्थ पुरता भाजलेला नाही. म्हणजे अजून थोडी आच दिली तर होण्यासारखा आहे! आपल्या उदाहरणातली योजना खरं तर याच जातीची. ध्येय बरोबर आहे, माणसं आणि मुदत यांचा हिशेब केलेला नाही. तोंडावर ‘युअर आयडिया इज हाफ-बेक्ड’ म्हटलं तर मात्र लागतंच. स्वतःच्या कल्पनेबद्दल ‘इट्स स्टिल हाफ-बेक्ड’ म्हणणं हा याचा उत्तम उपयोग. नम्रता दिसते आणि सूचना मागवता येतात.

‘हेअर-ब्रेन्ड’ म्हणजे सशाच्या डोक्याचा, उतावळा, बिनबुडाचा. इथला ‘हेअर’ ससा आहे, एच-ए-आर-ई, केस नव्हेत. केसांचं स्पेलिंग छापलेलंही दिसतं, काही कोश ते नोंदवतातही, पण संपादक ते लाल शाईने खोडतात. याची कायमची जोडी ‘स्कीम’शी. तिथेच आपल्याला आणखी एक खड्डा आहे : आपल्याकडच्या आणि ब्रिटिशांच्या इंग्रजीत ‘स्कीम’ म्हणजे साधी योजना, तर अमेरिकनांना त्यात कारस्थानाचा वास येतो. अमेरिकन माणसाला लिहिताना चांगल्या योजनेला ‘प्लॅन’ किंवा ‘प्रोग्रॅम’ म्हणावं.

‘क्रॅकपॉट’ माणसालाही लागतो आणि त्याच्या कल्पनेलाही. अर्थ सरळ सरळ ‘चक्रम’. ‘कॉकामेमी’ अमेरिकन बोलीतला, कातडीवर उठवायच्या चित्रांच्या नावाचा अपभ्रंश होत होत ‘काहीच्या काही’ या अर्थाला आलेला. ऐकायला गोड, लिहायला नको.

उंटावरच्या शहाण्यासाठी इंग्रजीत एक शब्द नाही. ‘आर्मचेअर क्रिटिक’ म्हणजे आरामखुर्चीत बसून टीका करणारा, आणि ‘आयव्हरी टॉवर’मध्ये राहणारा म्हणजे जगाशी संबंध नसलेला विद्वान. दोघांचा मिळून आपला उंट होतो, असं मला वाटतं.

पाचवी पायरी : गाडी कुठे थांबली?

ही पायरी छोटी आहे, पण बातम्या लिहिणाऱ्यांनी आणि इतिवृत्त ठेवणाऱ्यांनी चुकवू नये. ‘नॉन-स्टार्टर’ म्हणजे शर्यतीत नाव नोंदवलेला, पण धावायला उतरलाच नाही असा घोडा. म्हणून जो प्रस्ताव विचारात घेण्याआधीच बाद होतो तो ‘नॉन-स्टार्टर’. ‘डेड इन द वॉटर’ म्हणजे वारा पडल्याने किंवा यंत्र बंद पडल्याने भर समुद्रात उभं राहिलेलं जहाज. काम सुरू झालं होतं, आता हलत नाही. फायलींचं काम सहा महिने चालून निधीअभावी ठप्प झालं, तर ते ‘नॉन-स्टार्टर’ कसं होईल?

प्रयत्न करूनही हाती काही लागणार नसेल तर ‘फ्यूटाइल’. मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ गळका, सहज सांडणारा असा होता; आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततो, रोमन लोक गळक्यात. नसलेल्या गोष्टीमागे वणवण म्हणजे ‘वाइल्ड गूज चेस’. कुणी तरी तुम्हाला जाणूनबुजून किंवा अज्ञानाने फुकटच्या कामाला धाडलं असेल तर ‘फूल्स एरंड’. काम होतं पण द्राविडी प्राणायाम करून, असं यंत्र किंवा पद्धत अमेरिकेत ‘रूब गोल्डबर्ग’ आणि ब्रिटनमध्ये ‘हीथ रॉबिन्सन’. दोघेही व्यंगचित्रकार, साध्या कामासाठी दोऱ्या-चाकं-पुल्यांची अचाट यंत्रं काढणारे. ‘व्हाइट एलिफंट’ आपल्याकडे पांढरा हत्ती होऊन कधीच स्थायिक झालाय.

सहावी पायरी : गोड शब्दांतला नकार ओळखा

आपण वापरायचे शब्द झाले. आता आपल्याविरुद्ध वापरले जाणारे. ब्रिटिश वळणाच्या औपचारिक इंग्रजीत तुमच्या प्रस्तावाला ‘ॲम्बिशस’ म्हटलं, विशेषतः आधी ‘रादर’ किंवा ‘समव्हॉट’ लावून, तर लगेच आभार मानू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘हे होणार नाही’ असाच असतो. ‘ब्रेव्ह’ आणि ‘करेजस’ त्याहून वाईट. ‘इंटरेस्टिंग’ एकटाच आला आणि पुढे प्रश्न आला नाही, तर विषय संपला. ‘ऑन पेपर’ किंवा ‘इन थिअरी’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ‘बट’ येतोच, थोडं थांबा.

याउलट काही शब्द बदनामीतून बाहेर आलेत. ‘व्हिजनरी’ आज द्रष्टा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत मात्र ‘अ व्हिजनरी स्कीम’ म्हणजे बहुधा दिवास्वप्न, भ्रमिष्टपणा. जुने दस्तऐवज वाचणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, नाहीतर शिवीला शाबासकी समजून भाषांतर होईल. ‘मूनशॉट’ची गोष्टही थोडी तशीच. चंद्र मागणं म्हणजे अशक्य हट्ट, हा जुना संकेत. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, आणि आज ‘मूनशॉट’ म्हणजे धाडसी, अवघड पण हाती घेण्याजोगा प्रकल्प. तंत्रज्ञानाच्या कंपन्या तो अभिमानाने मिरवतात. ‘ब्ल्यू-स्काय’ संशोधन म्हणजे तात्काळ उपयोगाची अट नसलेलं. ही निंदा नव्हे.

सातवी पायरी : वाक्यात बसवताना

शब्द बरोबर निवडला तरी शेजारी चुकला तर वाक्य लंगडतं. ‘अनलाइकली’ला ‘हायली’ किंवा ‘एक्स्ट्रीमली’ लावा, ‘कम्प्लीटली’ नको. ‘अनरिअलिस्टिक’ला ‘टोटली’, ‘होपलेसली’ शोभतात. ‘व्हेरी इम्पॉसिबल’ नसतंच. ‘नेक्स्ट टु इम्पॉसिबल’ किंवा ‘व्हर्च्युअली इम्पॉसिबल’ म्हणा. ‘अनलाइकली’ची रचनाही पाहा : ‘द प्लॅन इज अनलाइकली टु वर्क’ बरोबर, ‘द प्लॅन इज अनलाइकली ऑफ वर्किंग’ चूक. नकार शक्यतो विचार करण्याच्या क्रियापदाकडे द्या : ‘आय डोन्ट थिंक इट विल वर्क’. ‘आय थिंक इट विल नॉट वर्क’ व्याकरणाने चालतं, पण टेबलावर हात आपटल्यासारखं ऐकू येतं.

आणि आता ज्याने खरोखर गैरसमज होतात तो शब्द : ‘प्रॅक्टिकली’. आपण म्हणतो, ‘प्रॅक्टिकली हे इम्पॉसिबल आहे’, आणि आपल्याला म्हणायचं असतं की तत्त्वतः ठीक, प्रत्यक्षात अशक्य. इंग्रजीभाषक मात्र ‘प्रॅक्टिकली इम्पॉसिबल’ ऐकतो तेव्हा त्याला ‘जवळजवळ अशक्य’ असं ऐकू येतं. म्हणजे फट शिल्लक आहे! तो त्या फटीतून सवलत मागायला लागतो आणि आपण वैतागतो की एकदा सांगितलं तरी कळत नाही. प्रत्यक्षात अशक्य असं म्हणायचं असेल तर ‘इम्पॉसिबल इन प्रॅक्टिस’. दोन शब्दांचा फेरफार, पण करारनाम्यात किंवा मुदतीच्या बोलणीत त्याची किंमत मोठी असते.

फायलींचं उत्तर

सगळं एकत्र करून ते पत्र लिहू. अशा उत्तरात मी शब्दांना एका क्रमाने बसवतो : आधी काय टिकतं, मग काय टिकत नाही आणि का, मग दुसरा रस्ता.

पहिलं वाक्य : ‘द आयडिया इज साउंड, बट द वन-मंथ टाइमलाइन इज अनरिअलिस्टिक.’ कल्पनेचं श्रेय सुचवणाऱ्याला मिळालं, दोष मुदतीवर गेला. दुसरं : ‘विथ टू पीपल, टायपिंग एव्हरी फाइल वुड नॉट बी फीजिबल.’ कारण मोजता येण्याजोगं आहे, दोन माणसं, म्हणून ‘फीजिबल’. इथे ‘इम्पॉसिबल’ लिहिलं असतं तर ‘चार माणसं दिली तर?’ हा प्रश्नच कुणी विचारला नसता. तिसरं : ‘स्कॅनिंग देम इज फीजिबल, बट इट विल ओन्ली बी व्हायेबल इफ समवन इज असाइन्ड टु मेन्टेन द आर्काइव्ह.’ चौथं, हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल : ‘इट इज अ लाँग शॉट, बट वी कुड ट्राय इट ऑन वन इयर्स फाइल्स फर्स्ट.’

‘हाफ-बेक्ड’, ‘हेअर-ब्रेन्ड’, ‘पाइप ड्रीम’ यांतला एकही शब्द पत्रात आला नाही. ते बैठकीनंतर, दार लावून घेतल्यावर, विश्वासातल्या सहकाऱ्याशी बोलताना वापरावेत. आणि मेल पाठवण्याआधी ती ‘रिप्लाय ऑल’वर नाही ना, हे एकदा पाहून घ्यावं.